सहलीच्या हिशेबात माघारीचे पैसेही धरा

ऑक्टोबर सरला, रात्री एसी बंद करून खिडक्या उघडता येऊ लागल्या, की अमिरातीतील आपल्या मराठी मंडळींना तंबूचे वेध लागतात. दिवाळीचा फराळ संपायच्या आत फोनवर गट तयार होतो, कोणी तंबूंच्या किमती विचारतो, कोणी बार्बेक्यूची जाळी आणतो, आणि "यंदा एक रात्र नाही, चांगले तीन मुक्काम करू या" असा ठराव एकमताने मंजूर होतो. उत्साह उत्तम आहे. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत जो मोकळ्या हवेत गेला नाही त्याला पुढचे सात महिने मॉलमध्येच फिरायचे असते.

पण आपल्या याद्या पाहिल्या तर त्यांत एक गोष्ट सहसा नसते. काय न्यायचे, काय खायचे, कोणाच्या गाडीत कोण बसणार हे सगळे लिहिलेले असते. कोणत्या परिस्थितीत सहल अर्ध्यावर सोडायची, तो निर्णय कोणी घ्यायचा आणि त्यासाठी पैसे कुठून येणार, हे मात्र कोणीच लिहीत नाही. माझ्या मते बहुमुक्कामी सहलीच्या आखणीत हीच पहिली ओळ असायला हवी. आरोग्य आणि अर्थ या दोन्ही विषयांचे हे पान असल्याने त्यावर येथेच लिहितो, कारण या प्रश्नात हे दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले आहेत.

मार्ग कोणता?

नुसते तत्त्वज्ञान नको म्हणून आधी एक प्रत्यक्ष मार्ग घेऊ. साध्या सेडान गाडीने, डांबरी रस्त्याने, लहान मुले आणि आई-बाबा बरोबर असताना जमेल असा. शुक्रवार ते सोमवार, चार दिवस आणि तीन मुक्काम.

पहिला मुक्काम जेबेल हफीतच्या पायथ्याशी. दुबईहून अल ऐन सुमारे १४० किलोमीटर, अबू धाबीहूनही दीड-दोन तासांचीच वाट. डोंगराच्या पूर्व पायथ्याला जेबेल हफीत डेझर्ट पार्क आहे. तेथील दगडी थडगी सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची, आणि २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या अल ऐनच्या स्थळांमध्ये त्यांचा समावेश आहे. मुलांना इतिहास शिकवायला याहून चांगला वर्ग मिळणार नाही.

दुसरा मुक्काम शारजाच्या म्लेहा परिसरात. अल ऐनहून अल मदाममार्गे शंभर-सव्वाशे किलोमीटर. तेथील पुरातत्त्व केंद्र २०१६ साली उघडले. जवळच्या फाया परिसरात मानवी वस्तीच्या २ लाख १० हजार वर्षांपर्यंतच्या खुणा सापडल्या असून तो २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला. शहराचा उजेड मागे राहिल्यामुळे आकाश स्वच्छ दिसते. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या आसपास गेलात तर मिथुन राशीतून येणारा उल्कावर्षावही पाहायला मिळेल.

तिसरा मुक्काम हट्टाला. हट्टा दुबईचेच, पण दुबईपासून तुटलेले आणि हजर पर्वतरांगेत वसलेले. तेथे धरण आहे, पायवाटा आहेत, आणि हिवाळ्यात पैसे भरून राहण्याच्या अधिकृत जागा असतात. येथे एक व्यावहारिक सूचना. दुबई-हट्टा हा ई-४४ रस्ता मध्ये थोडा ओमानच्या हद्दीतून जातो आणि तेथील चौकीवरून आपल्यासारख्या परदेशी रहिवाशांना परत पाठवले जाते. नकाशा जवळचा रस्ता दाखवतो म्हणून तिकडे वळू नये. शारजा-कलबा या ई-१०२ रस्त्याने जावे, थोडे लांब पडले तरी.

हट्टाहून दुबईला परत. सगळे मिळून सुमारे ५०० किलोमीटर, आणि आतले फिरणे धरून ६००. यात कुठेही वाळूच्या टेकड्यांवर गाडी घालायची नाही. ज्यांना ती हौस आहे त्यांच्यासाठी तो वेगळा, अनुभवी माणसांबरोबर करायचा विषय आहे. फुजैराचे वादी वुराया अभयारण्य या यादीत घातलेले नाही, कारण ते २०१३ च्या अखेरीस पर्यटकांसाठी बंद करण्यात आले. जुन्या लेखांतली वर्णने वाचून कोणी कुलूपबंद फाटकापाशी जाऊ नये.

लक्षात घ्या, हे तीन मुक्काम तीन वेगवेगळ्या अमिरातींत आहेत. शेकोटी कुठे पेटवायची, तंबू कुठे ठोकायचा, संरक्षित क्षेत्र कुठून सुरू होते याचे नियम प्रत्येक अमिरात स्वतः करते, आणि मोडल्यास दंडही होतो. "मागच्या वर्षी आम्ही तिथेच राहिलो होतो" हा पुरावा यंदा चालेलच असे नाही. निघण्याच्या आठवड्यात प्रत्येक ठिकाणी विचारून घ्यावे. कुटुंबकबिला बरोबर असेल तर स्वच्छतागृह असलेली अधिकृत जागाच घ्यावी. रात्री दोन वाजता आजींना टॉर्च घेऊन वाळूत चालावे लागू नये, हा आरोग्याचाच मुद्दा आहे.

सह्याद्रीचा अनुभव येथे किती उपयोगी?

आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात असताना राजमाची, हरिश्चंद्रगड केलेले असतात, आणि त्या भांडवलावर "मला काय सांगता!" असा आत्मविश्वास येतो. सवयी त्या चांगल्याच. पण सह्याद्रीत गडावर पाण्याची टाकी असतात, पायथ्याला गाव असते, कोणाच्या तरी ओसरीवर पथारी पसरता येते. येथे टाके नाही, गाव नाही, ओसरीही नाही. पाणी आपणच न्यायचे. पिणे, स्वयंपाक आणि हात-तोंड धुणे मिळून माणशी रोज ५ लिटर धरले तर चौघांना दिवसाला २० लिटर लागतात. घरी येणाऱ्या पाच गॅलनच्या बाटलीत जवळजवळ १९ लिटर मावतात. अशा दोन बाटल्या गाडीत असल्या की आजचे आणि उद्याचे पाणी हाताशी राहते. रोज सकाळी पेट्रोल भरताना रिकामी झालेली जागा पुन्हा भरून घ्यावी.

पुराच्या बाबतीत मात्र सह्याद्री आणि हजर पर्वताची शिकवण एकच आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. काही मिनिटांपूर्वी ते पाणी मुलांना खेळवण्यासारखे होते. येथील वादी त्याहून फसवी, कारण ती कोरडी असते. हजरच्या या भागातला खडक एके काळी समुद्राच्या तळाशी असलेला, आज उघडा-बोडका. त्यावर माती नाही, झाडी नाही, त्यामुळे पाऊस मुरत नाही, सरळ वादीत उतरतो. पाऊस डोंगरामागे पडतो, आपल्या डोक्यावर निळे आकाश असते आणि लोंढा वळणावरून येतो. वादीतली सपाट, बारीक वाळूची जागा तंबूला छान वाटते. ती सपाट कोणी केली, हा प्रश्न स्वतःला विचारावा. ती पाण्यानेच केलेली असते.

"इथे पाऊस पडतोच कुठे?" असे म्हणणाऱ्यांनी १६ एप्रिल २०२४ आठवावा. अल ऐनच्या खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत जास्त. आपला पहिला मुक्काम त्याच अल ऐनला आहे.

"पैसे भरलेत, आता जाऊच!"

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हवामान खात्याचा इशारा फोनवर सगळ्यांना येतो. तो वाचता सगळ्यांना येतो. तरीही वादीच्या काठावर गाड्या उभ्या दिसतात. का? माणसे मूर्ख असतात म्हणून नव्हे. माझ्या पाहण्यात याचे कारण बहुतेक वेळा एका वाक्यात असते: "पैसे भरलेत, आता जाऊच!" रजा टाकलेली असते, चार कुटुंबांचा मेळ महिनाभर खटपट करून जमवलेला असतो, जागेचे पैसे परत मिळणार नसतात, मटण मसाला लावून बर्फात ठेवलेले असते. एवढे सगळे तराजूच्या एका पारड्यात असताना दुसऱ्या पारड्यात फक्त एक "कदाचित" असते. मग पारडे कुठे झुकणार?

अर्थशास्त्रात याला बुडीत खर्चाचा मोह म्हणता येईल. १९८५ साली अमेरिकेत हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यापीठाच्या नाट्यगृहाचे हंगामी पास काहींना पूर्ण किमतीला आणि काहींना सवलतीत दिले गेले. नाटके तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण किंमत मोजलेली मंडळी जास्त प्रयोगांना हजर राहिली. गेलेले पैसे परत येणार नसतानाही माणूस ते वसूल करायला धडपडतो. नाटकाच्या बाबतीत हे निरुपद्रवी आहे. फार तर एक कंटाळवाणा प्रयोग पाहावा लागतो. वादीच्या बाबतीत तसे नाही.

आम्हा संगणकवाल्यांच्या धंद्यात एक रिवाज आहे. नवी प्रणाली रात्री सुरू करायची असेल तर ती बिघडल्यास जुन्या प्रणालीवर कसे परतायचे, किती वाजेपर्यंत वाट पाहायची आणि "परत फिरा" हे कोणी म्हणायचे, हे दुपारीच लिहून ठेवतात. रात्री तीन वाजता दमलेल्या डोक्याने तो निर्णय नीट घेता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. सहलीतही तेच आहे. मुले रडत आहेत, अंधार पडतो आहे आणि चार गाड्यांतली आठ मोठी माणसे एकमेकांचे मन राखत आहेत, अशा वेळी कोणीही "चला परत" म्हणायला धजत नाही. म्हणून ते वाक्य आधीच, घरी बसून, चहा पिताना म्हणून ठेवायचे.

माघारीचे पैसे

यावर मी सुचवतो तो उपाय अगदी कारकुनी आहे. सहलीच्या अंदाजपत्रकात "माघार" या नावाने एक रक्कम धरा. चौघांच्या कुटुंबाचा नमुना हिशेब असा. आकडे अंदाजाचे आहेत, आपापले घालून पाहावेत:

पेट्रोल, ६०० किलोमीटरला ६० लिटर, हिशेबासाठी लिटरला ३ दिरहम धरून: १८०
टोल: ४०
तीन रात्रींचे जागाभाडे, रात्रीला २५० धरून: ७५०
खाणे-पिणे: ३५०
प्रवेशशुल्क व किरकोळ: १३०
तंबू व सामानाचा वाटा: ४५०
एकूण: १,९००
माघार: ४००
एकंदर: २,३०० दिरहम

हे ४०० दिरहम कशासाठी? गरज पडल्यास एका रात्रीपुरते साधे हॉटेल घेण्यासाठी, किंवा रात्रीच गाडी काढून घरी परतताना वाटेत गरम जेवण आणि पेट्रोल घेण्यासाठी. आता यातली मेख पाहा. हे पैसे निघण्याआधीच खर्ची पडले असे मनाने मानलेले असते. त्यामुळे ते वापरताना "नुकसान झाले" असे वाटत नाही. ज्यासाठी ठेवले त्यासाठीच ते गेले. आणि वापरले नाहीत तर पुढच्या सहलीला आयते शिल्लक. आपण मुलांच्या शिक्षणासाठी, गावच्या घरासाठी, अडीअडचणीसाठी पाकिटे वेगळी ठेवतोच. हे आणखी एक पाकीट.

त्याच कारणासाठी दुसरा नियम: जागा शक्यतो रद्द करता येईल अशी घ्यावी, जरी ती थोडी महाग पडली तरी. स्वस्त पण पैसे परत न मिळणारी जागा म्हणजे स्वतःच्या पायात बांधलेला दोर. तिन्ही मुक्काम एकदम आगाऊ भरण्याचाही हट्ट धरू नये. हट्टाचा मुक्काम शेवटी ठेवण्यामागे माझा हाच हेतू आहे. डोंगरात पावसाचा इशारा आला तर म्लेहाहून तासाभरात दुबई-शारजाला घरी पोहोचता येते आणि दोन मुक्काम तरी पदरात पडलेले असतात.

तिसरे म्हणजे सामान. चांगला तंबू, झोपायच्या पिशव्या, खाली घालायच्या जाड चटया, शेगडी, दिवे असे सगळे नवे घ्यायचे तर १,८०० दिरहम सहज जातात. वर्षाला तीनच रात्री वापरले तर पहिल्या वर्षी रात्रीला ६०० दिरहम पडले! एवढ्यात बरे हॉटेल येते. तेच सामान चार कुटुंबांनी मिळून घेतले आणि आळीपाळीने वापरले तर वाटा ४५० आणि रात्रीला दीडशे. शिवाय एक सूक्ष्म फायदा आहे. ज्याने कालच १,८०० दिरहम मोजले त्याला सामान "वसूल" करायचे असते. उसन्या तंबूचा तो दबाव मनावर नसतो.

उलट बाजूचा हिशेबही मांडू, कारण आपल्याला आकडे पटतात. २०२३ च्या वाहतूक नियमांतील दुरुस्तीनुसार पावसाळी हवेत वादी, पूरग्रस्त भाग किंवा धरणापाशी गर्दी केल्यास १,००० दिरहम दंड आणि ६ ब्लॅक पॉइंट. वाहत्या वादीत गाडी घातली तर, धोका कितीही कमी वाटो, २,००० दिरहम दंड, २३ ब्लॅक पॉइंट आणि ६० दिवस गाडी जप्त. चोवीस पॉइंट झाले की परवाना निलंबित होतो, हे आपण जाणताच. म्हणजे आधीचा एखादा किरकोळ पॉइंट खाती असेल तर परवानाही गेला. दोन महिने टॅक्सीने ऑफिसला जाण्याचा खर्च आणि मुलांच्या शाळेची ने-आण वेगळी. ज्यांची नोकरीच गाडी चालवण्यावर अवलंबून आहे त्यांची गोष्ट तर बोलायलाच नको. येथे आपला व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, आणि अडचणीत धावून यायला मामा-काका जवळ नसतात. हे सगळे ४०० दिरहमांच्या दुसऱ्या पारड्यात घालून पाहा.

विम्याचा कागद वाचा

निघण्यापूर्वी दोन कागद काढून वाचावेत. पहिला गाडीच्या विम्याचा. डांबरी रस्ता सोडल्यावर झालेले नुकसान त्यात धरले आहे का, आणि रस्त्यावर मदत कुठपर्यंत मिळते, ते पाहावे. भाड्याची गाडी असेल तर करारात कच्च्या रस्त्याबाबत काय म्हटले आहे ते वाचल्याशिवाय सही करू नये.

दुसरा कागद आरोग्य विम्याचा. आपण दुबईत राहत असलो आणि दुखणे अल ऐनला किंवा शारजात उद्भवले तर कोणती रुग्णालये चालतात? तातडीच्या उपचारांना काय नियम आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हिवाळ्यात भारतातून आलेले आई-बाबा. व्हिजिट व्हिसाबरोबरच्या विम्यात जुने आजार बहुधा वगळलेले असतात. मधुमेह आणि रक्तदाब नसलेले आई-बाबा आपल्यापैकी किती जणांकडे आहेत? त्यांना सहलीला अवश्य न्यावे, पण कागद वाचून न्यावे. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि बर्फाला थेट टेकवूनही ठेवू नये. गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घ्याव्यात आणि त्या एकाच पिशवीत नव्हे तर दोन पिशव्यांत ठेवाव्यात.

जवळचे रुग्णालय आधीच लिहून ठेवावे: अल ऐनला तवाम, म्लेहाजवळ अल धैद रुग्णालय, हट्टाला हट्टा रुग्णालय. रुग्णवाहिका ९९८, पोलीस ९९९, अग्निशमन ९९७. फोनची बॅटरी संपते, म्हणून हे कागदावर असावे.

थंडी, धूर आणि शिदोरी

अमिरातीत थंडी वाजते हे भारतातल्या नातेवाइकांना खरे वाटत नाही. डिसेंबर-जानेवारीत वाळवंटात पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरू शकतो. वाळू दिवसा लवकर तापते तशी रात्री लवकर गारही होते, म्हणून थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त खालून लागते. अंगावर दोन दुलया घेण्यापेक्षा पाठीखाली एक जाड चटई घालणे अधिक उपयोगी.

थंडी वाजली म्हणून कोळशाची शेगडी तंबूत मात्र कधीही नेऊ नये, विझत आलेली असली तरीही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. या एका वाक्यासाठी हा लेख वाचला असे झाले तरी माझे श्रम सार्थकी लागले.

सकाळी बूट उलटे करून झाडल्याशिवाय पाय घालू नये. विंचवाला ती जागा आवडते. साप चावल्यास चोखणे, कापणे, आवळून बांधणे असले उपाय न करता हालचाल थांबवून मदत बोलवावी. पहाटे धुके असेल तर निघण्याची घाई करू नये. चहाचा आणखी एक कप प्यावा.

खाण्याच्या बाबतीत आपली जुनी शिदोरी कोणत्याही पाकिटाला हरवते. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट-भात, गूळ-तूप हे टिकते, गॅस कमी लागतो, भांडी कमी पडतात आणि म्हणून पाणीही वाचते. कचरा सगळा परत आणावा. वाळवंटातले प्लास्टिक खाऊन उंट मरतात, हे येथील पशुवैद्यकांनी दाखवून दिले आहे. आपण येथे पाहुणे आहोत. पाहुण्याने अंगण घाण करून जाऊ नये.

निघण्यापूर्वी लिहायच्या पाच ओळी

एका कागदावर पुढील ओळी लिहून प्रत्येक गाडीत एक प्रत ठेवावी, असे मी सुचवतो.

१. राष्ट्रीय हवामान केंद्राने त्या भागासाठी पावसाचा पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा दिला तर डोंगरातला मुक्काम रद्द. चर्चा नाही.

२. सूर्यास्ताच्या एक तास आधी जागेवर पोहोचलो नाही तर नवी जागा शोधत अंधारात फिरायचे नाही. माघारीचे पैसे वापरायचे. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो हे ध्यानात ठेवावे.

३. संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचे पाणी शिल्लक नसेल तर आधी पाणी, मग तंबू.

४. मुलाला ताप, वडीलधाऱ्यांना छातीत दुखणे, दम लागणे किंवा चक्कर आल्यास "सकाळी बघू" नाही. त्याच क्षणी निघायचे.

५. एका मोठ्या माणसाचा नकार पुरे. बहुमत घ्यायचे नाही, आणि परतल्यावर "कोणामुळे सहल बुडाली" हा विषय काढायचा नाही.

पाचवी ओळ सर्वांत कठीण आहे. आपल्याकडे नको म्हणणारी व्यक्ती बहुधा घरातली बाई किंवा आजी असते, आणि "तुम्ही फार घाबरता बुवा" म्हणून तिला हसण्यावारी नेले जाते. मला वाटते, सहलीतली निम्मी सुरक्षितता या एका सवयीत आहे: जो घाबरला आहे त्याचे ऐकायचे. त्याची भीती चुकीची ठरली तर एक रात्र गेली. आपले धाडस चुकीचे ठरले तर काय जाईल, ते येथे लिहायला नको.

कोणी म्हणेल, एवढे कागद रंगवून निघायचे तर सहलीची मजा ती काय राहिली? माझा अनुभव उलट आहे. परत फिरायची मोकळीक ज्याच्याकडे असते तोच निश्चिंतपणे तारे पाहत पडू शकतो. आणि शंभर टक्के सुरक्षिततेची मागणी मी करीत नाहीच. तसे असते तर घराबाहेरच न पडणे बरे. पण उन्हाळाभर बंद खोल्यांत राहून आपल्या मुलांचे गुडघे मऊ झाले आहेत, आपल्या सर्वांना ऊन भरपूर असलेल्या देशात राहून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्या लागतात, आणि मुले ज्या मातीवर वाढत आहेत ती त्यांनी महामार्गाच्या काचेतूनच पाहिली आहे. म्हणून जायला तर हवेच, एकदाच नव्हे तर दरवर्षी. दरवर्षी जायचे असेल तर एखाद्या वर्षी अर्ध्यावरून परत यायलाही शिकले पाहिजे.

मंडळाला एक विनंती. गणेशोत्सवाच्या भांड्यांप्रमाणे सहलीच्या सामानाचे दोन संच मंडळाने घ्यावेत आणि सभासदांना नाममात्र भाड्याने द्यावेत. संच देताना त्यासोबत वरील पाच ओळींचा कागदही द्यावा आणि त्यावर नेणाऱ्याची सही घ्यावी. राष्ट्रीय दिनाच्या २ व ३ डिसेंबरच्या सुट्टीत सगळा देशच बाहेर पडतो. त्याऐवजी जानेवारीचा एखादा शांत शनिवार-रविवार धरून पहिली सहल करून पाहता येईल. हिशेब ठेवण्याचे काम मी आनंदाने करीन, आणि त्यात माघारीची ओळ सर्वांत वर असेल.

पाहा विचार करून!